सामाईक जागेचा वारस कोण?

वसंत व्याख्यानमाला ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास ती प्रथम सुरू झाली आणि तेथून गावोगाव पसरली. तिला लागणारे साहित्य थोडकेच असते. बोलणारा एक, ऐकणारे काही, आणि दोघांनाही बसता येईल अशी एक जागा. बोलणारे आजही मिळतात. आमच्यासारखे तर फार मिळतात. ऐकणारेही अजून आहेत, हे आपण समोर बसला आहात त्यावरून दिसतेच. उणीव पडू लागली आहे ती तिसऱ्या वस्तूची. तेव्हा आज जागेविषयीच चार शब्द बोलावे असे आम्ही योजले आहे.

जागा म्हणताच मुंबईकराच्या मनात प्रथम खोली येते. आम्हांला ती अभिप्रेत नाही. खोलीची काळजी घेणारा तिचा राहणारा असतो, आणि तो ती डोळ्यांत तेल घालून घेतो. आम्ही बोलणार आहोत ते खोलीच्या बाहेरच्या जागेविषयी : वाडीतले अंगण, चाळीचे पटांगण, गिरणगावातले सभागृह, बाजाराचा चौक, मोकळे मैदान. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या आपल्या भागांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मुख्यतः या जागांवर घडला. आणि आज हातची जात आहे ती हीच.

एक उदाहरण आरंभीच देतो. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहात लोकांपुढे आला. या देशातील चित्रपटधंद्याचे पहिले पाऊल त्या जागी पडले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चित्रपटाचे नाव आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ते चित्रगृह नेमके कोठे होते ते दाखवा म्हटले, तर जन्माचा गिरगावकरही अडखळतो. इमारत गेली, आणि तिच्यामागून जागेची ओळखही गेली. असे आणखी कोठे होऊ द्यावयाचे की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आता थोडे मागे जाऊ. गिरगाव हे मलबार टेकडीच्या पायथ्याचे, मूळचे वाड्यांचे गाव. वाडी म्हणजे आजच्यासारखी घरांची दाटी नव्हे. नारळी-पोफळीची, फळझाडांची बागाईत. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी ही नावे कोणा कवीने ठेवलेली नाहीत. जे पिकत होते त्यावरून ती पडली. मुगभाट, बोरभाट यांतला 'भाट' हा शब्दही कोकणातल्या माणसाला परका वाटू नये. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या सुमारास कापसाच्या व्यापाराने शहरात पैशाचा पूर आला होता आणि माणसांचे लोंढे येत होते. बागा तुटल्या, घरे उठली. पण वाडीची एक रीत टिकली. घरे ज्याची त्याची झाली. वाट, विहीर, अंगण, देवाचा कट्टा ही सगळ्यांची राहिली.

ही रीत डोळ्यांनी पाहावयाची असेल तर खोताच्या वाडीत जावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत घराण्याच्या जमिनीवर ही वस्ती उभी राहू लागली. तेथे घरे बांधली ती मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, उतरत्या कौलांची घरे आणि त्यांच्यामधून वळत जाणारी एक अरुंद वाट. एके काळी अशी पासष्टांच्या आसपास घरे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. ज्यांनी घर विकले त्यांना आम्ही दोष देत नाही. घर त्यांचे होते. पण प्रत्येक घर पडले की त्यापुढची वाटही बदलते, आणि ती वाट मात्र एकट्या विकणाऱ्याची नव्हती.

वाडीनंतर चाळ आली. चाळीत खोली इतकी लहान की माणसाचा अर्धा संसार खोलीबाहेरच व्हावयाचा. वडिलांनी वर्तमानपत्र गॅलरीत वाचावे, मुलांनी अभ्यास जिन्याच्या दिव्याखाली करावा, लग्नाचा मांडव पटांगणात पडावा. हे सर्व गोड होते असे आम्ही म्हणत नाही. ते अपरिहार्य होते. परंतु या अपरिहार्यतेतूनच एक सार्वजनिक जीवन निर्माण झाले. १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. देवघरातला गणपती चौकात आला, याचे श्रेय टिळकांच्या प्रेरणेला आहेच. पण चौक मुळात होता म्हणून तो चौकात येऊ शकला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. होमरूलच्या चळवळीत शांतारामाच्या चाळीच्या पटांगणात सभा भरत, तेव्हा त्या सभांना भाडे पडत नव्हते आणि तिकीटही नव्हते. गॅलऱ्यांतून बाया आणि म्हातारी माणसे ऐकत. ज्यांना सभेला जाण्याची मुभा नव्हती त्यांच्या दारात सभा आली. लोकशिक्षणाचे इतके स्वस्त साधन पुढे कोणत्याही सरकारला निर्माण करता आलेले नाही.

गिरगावातून आता उत्तरेस परळ-लालबागकडे वळू. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. पुढल्या अर्धशतकात भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली ती एकटी. एका गावच्या माणसांनी मिळून एक गाळा घ्यावा, पाळीप्रमाणे आळीपाळीने त्यात झोपावे, जेवण खानावळवाल्या बाईकडे घ्यावे, आणि महिन्याला गावाकडे मनीऑर्डर करावी, असा क्रम. ज्याला खोलीत पाय पसरण्यापुरतीच जागा, त्याने उरलेला वेळ कोठे काढावा? तालमीत, भजनाच्या फडात, नाक्यावर, मैदानात. गिरणगावची संस्कृती म्हणून आज ज्याचा गौरव होतो ती या उरलेल्या वेळात आणि उसन्या जागेत वाढली.

१८९६ मध्ये शहरात प्लेग आला आणि या दाटीची भयंकर किंमत सर्वांना कळली. १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती वसवल्या, आणि मजुरांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले. परदेशातून पदव्या घेऊन आलेला हा विद्वान बॅरिस्टर परत आला तो त्याच खोल्यांत. १९३४ मध्ये ते दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृहा'त गेले. ते घर त्यांनी ग्रंथांसाठी बांधून घेतले हे प्रसिद्धच आहे. परळच्या दोन खोल्या आणि दादरचे राजगृह यांच्यामध्ये अंतर फार नाही. पण ते पायी चालून गेले तर एका माणसाचे आणि त्याच्याबरोबर एका समाजाचे चालणे समजते. पुस्तकात वाचून ते तसे समजत नाही.

याच परळमध्ये दामोदर हॉल. ना. म. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, फिरती वाचनालये, औषधोपचार अशी कामे मजूर वस्तीत चालवली. १९२२ मध्ये लीगचे हे सभागृह उभे राहिले. ९ मार्च १९२४ रोजी याच सभागृहात बाबासाहेबांनी बोलावलेली सभा भरली, आणि तिच्यातून त्याच वर्षीच्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. रात्री याच रंगमंचावर गिरणीतले कामगार पाळी संपवून नाटके करीत. कामगार रंगभूमी असे पुढे जिचे नाव झाले तिचे हे एक माहेरच. एका छपराखाली एवढे सगळे! आणि आपल्यातले कितीजण त्या रस्त्याने जाताना क्षणभर थांबले असतील?

लालबागची कथा तर सर्वांच्या तोंडी आहे, पण तिचा अर्धाच भाग सांगितला जातो. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला आणि तेथले कोळी व किरकोळ दुकानदार उघड्यावर आले. बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला. जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये नवस फेडण्यासाठी गणपती बसला. आज लाखो माणसे ज्याच्या दर्शनासाठी रांगा लावतात तो लालबागचा राजा तोच. नवसाचा गणपती म्हणून त्याची ख्याती आहे; पण पहिला नवस कशासाठी होता? पैशासाठी नव्हे, संततीसाठी नव्हे. हक्काने बसता येईल अशा एका सामाईक जागेसाठी.

एवढा पूर्वेतिहास सांगण्याचा मतलब असा की, आपल्या या भागांत जे थोर म्हणून घडले ते बहुधा दिवाणखान्यांत घडले नाही. ते अंगणात, हॉलात आणि मैदानात घडले. आता या जागा जातात कशा ते पाहू. त्या कोणी दुष्टाव्याने पाडतो असे समजणे सोपे आहे, पण खरे नाही. त्या हिशोबातून निसटतात.

गिरण्यांचे पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या आणि सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ व्या कलमान्वये स्थूलमानाने असे ठरले की, गिरणीची जमीन विकासाला काढल्यास एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक वाटा गृहनिर्माण मंडळाला सार्वजनिक घरांसाठी आणि एक वाटा मालकाला. हा हिशोब सरळ होता. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी करावयाची ती सबंध जमिनीची नव्हे, तर जिच्यावर बांधकाम नाही अशा मोकळ्या जमिनीचीच, असा अर्थ त्यात आला. गिरणी म्हटली की शेडच शेड. मोकळी जमीन ती किती असणार! लोकांचा वाटा पाहता पाहता आकसला. पर्यावरणासाठी झटणारी एक संस्था न्यायालयात गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने लागला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. न्यायालयाच्या निर्णयाबद्दल आम्हांला येथे काही म्हणावयाचे नाही. आम्ही एवढेच दाखवतो की 'मोकळी' या एका शब्दाच्या व्याख्येत मैदाने गेली. ते दिवस आठवणाऱ्यांनी आपल्या मनाला विचारावे : कामगार घरांसाठी मोर्चे काढीत होते, आणि ते योग्यच होते, पण मैदानासाठी किती मोर्चे निघाले?

चाळींचा हिशोब निराळा, पण फळ तेच. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, परंतु येणाऱ्या भाड्यात दुरुस्ती परवडेना म्हणून मालकाने हात आखडला. छपरे गळू लागली, जिने खचू लागले, पावसाळ्यात घरे कोसळून माणसे दगावू लागली. १९६९ मध्ये सरकारने कायदा करून दुरुस्तीसाठी उपकर बसवला आणि मंडळ नेमले. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. इतक्या इमारतींना टेकू देत बसणे मंडळाच्या आवाक्याबाहेरचे होते. शेवटी पुनर्विकासाचा मार्ग निघाला : जुन्या भाडेकरूला नवी खोली फुकट, आणि बांधणाऱ्याला वाढीव चटईक्षेत्र, जे त्याने बाजारभावाने विकावे.

या मार्गात मोजणी होते ती खोल्यांची. कोणाची खोली किती फुटांची, पावती कोणाच्या नावाची, बदल्यात किती फूट मिळणार, याची यादी पक्की होते, आणि एकाही भाडेकरूचा हक्क बुडू नये म्हणून कायदा जागरूक असतो. ते असेच असावे. पण पटांगणाची पावती कोणाच्या नावाची? गणपती जेथे शंभर वर्षे बसला त्या चौकाचा भाडेकरू कोण? वाचनालयाच्या ओट्याचा, तालमीच्या हौद्याचा? ज्या जागेची मालकी सगळ्यांची, तिचे नाव यादीत कोणाच्याच रकान्यात येत नाही. नव्या इमारतीतही मोकळी जागा सोडावी लागते, बालवाडी वा कल्याण केंद्राची सोय असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ती बहुधा फाटकाच्या आत, वाहनतळाच्या छतावर, त्या इमारतीपुरती असते. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने भाषणाचा आवाज ऐकून आत यावे अशी ती नसते. जुन्या जागेचा हक्क, तिचे नाव, तिची वहिवाट यांपैकी काहीच नवीकडे चालत येत नाही.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही स्वतःच मांडतो. बीडीडी चाळींचेच घ्या. गेल्या शतकाच्या विशीत सरकारच्या विकास खात्याने त्या बांधल्या : वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, तळमजला धरून चार मजले, एकेका चाळीत ८० खोल्या, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. शौचकूप मजल्याचे, सर्वांना मिळून. तेथल्या एखाद्या मावशींपुढे जाऊन चाळसंस्कृतीचे गोडवे गाऊन पाहा. 'गॅलरी तुम्ही घेऊन जा, आम्हाला घरात मोरी आणि दार लावता येईल असा संडास द्या,' असे त्यांनी ऐकवले तर त्यांच्यापाशी उत्तर नाही, आणि आमच्यापाशीही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या आनंदावर विरजण घालणारा वारसाप्रेमी आम्हांला वारसाप्रेमी वाटत नाही. ज्याच्या घरात चोवीस तास पाणी आहे त्याने दुसऱ्याच्या नळावरल्या रांगेत काव्य पाहू नये.

तेव्हा चाळी जशाच्या तशा राखाव्या असे आमचे म्हणणे नाही. खोल्या जाऊ द्याव्या. त्या जावयासच हव्या होत्या. आमचे म्हणणे एवढेच की, खोलीबरोबर अंगण गेलेच पाहिजे असा नियम कोठेही लिहिलेला नाही. ज्या मावशींना घरात मोरी हवी आहे, त्यांनाच मंगळागौरीला खालचा चौकही हवा असतो. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरिणी आहेत असे आपण धरून चाललो, तेथे आपली चूक झाली.

सरकारने वारसा जतनाचा कायदा केला नाही असे नाही. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली मंजूर झाली; शहरांत अशी ती देशात पहिलीच. महत्त्वाप्रमाणे इमारतींच्या श्रेणी लागल्या, सल्ल्यासाठी समिती आली. तिच्यामुळे कोट भागातल्या कितीतरी देखण्या इमारती वाचल्या, आणि त्याचे ऋण मानले पाहिजे. २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसला आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. पण ही दृष्टी मुख्यतः वास्तूकडे पाहणारी आहे. कमान, घुमट, कोरीव दगड असला की तिला वारसा ओळखू येतो. केशवजी नाईकांच्या चाळीचा चौक, पेरू चाळीचा बाजार, परळचे कामगार मैदान यांना ना घुमट, ना कमान. २०१२ मध्ये यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला आणि दादरच्या शिवाजी पार्क परिसराचे नाव तीत आले, तेव्हा तेथील अनेक रहिवाशांनीच हरकती घेतल्या. त्यांना आपल्या परिसराचा अभिमान नव्हता म्हणून नव्हे. यादीत नाव गेले की खिडकी बदलायलाही परवानगी, आणि दुरुस्तीच्या खर्चाला मात्र कोणी उभे नाही, ही भीती होती. अभिमान लोकांच्या पदरी आणि खर्चही त्यांच्याच पदरी, हा व्यवहार फार दिवस चालत नाही.

गमतीची गोष्ट अशी की, त्याच परिसरातले मैदान मात्र शंभर वर्षे टिकले आहे. १९२५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि १९२७ मध्ये शिवछत्रपतींचे नाव त्याला मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या विराट सभा त्याने पाहिल्या, क्रिकेटच्या कित्येक पिढ्या तेथे घडल्या. भोवतीचे बंगले आणि तीन मजली घरे बदलत आहेत. मैदान आहे तेथेच आहे. का? तर ते आराखड्यात मैदान म्हणून लिहिलेले आहे, आणि त्याचा रोज उपयोग होतो. नोंद आणि वापर, या दोन खुंट्यांवर कोणतीही सामाईक जागा टिकते. एक जरी निखळली तरी ती पडते.

वापराने जागा कशी तगते याची आणखी दोन उदाहरणे आपल्या शेजारीच आहेत. भायखळ्याचे १८७२ साली उघडलेले वस्तुसंग्रहालय, ज्याला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, ते पार मोडकळीस आले होते. महापालिका आणि खाजगी संस्था यांनी मिळून त्याचा जीर्णोद्धार केला आणि २००८ मध्ये ते संग्रहालय म्हणूनच पुन्हा उघडले. गिरगावच्या टोकाचे ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले. तेवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याचा पडदा पुन्हा वर गेला, तो नाट्यगृह म्हणूनच. दोन्ही ठिकाणी वास्तू वाचली कारण तिचे काम वाचले. व्हेनिसमध्ये १९६४ साली जगातल्या तज्ज्ञांनी स्मारकांच्या रक्षणाची जी सनद केली तिच्यातही समाजोपयोगी वापराने वास्तूचे जतन सुकर होते, असेच तत्त्व आहे. पण हेही विसरू नये की या दोन्ही वास्तूंना धनी होता : एकीला महापालिका, दुसरीला गोंडलचे राजघराणे. ज्या जागेला असा एक धनी नाही तिचे काय?

दामोदर नाट्यगृहाची अलीकडची हकीकत येथे बोलकी आहे. १०१ वर्षे झाल्यावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पुनर्बांधणीसाठी ते बंद झाले. संस्थेच्या इमारती जुन्या झाल्या होत्या हे खरेच. परंतु नव्या योजनेत नाट्यगृहाला कोणते स्थान आणि किती आकार राहणार, या प्रश्नावर रंगकर्मींनी आणि परळकरांनी आवाज उठवला. आम्हांला त्या वादाचा निकाल देण्याचा अधिकार नाही. पण त्यातली एक गोष्ट आशेची वाटते. येथे लोकांनी जुन्या भिंतींसाठी हट्ट धरला नाही, रंगमंचासाठी धरला. जागेचे काम चालू राहावे, ही मागणी त्यांनी केली. तीच खरी मागणी आहे.

मग आपण करावे काय? आम्ही तीन गोष्टी सुचवतो. त्यांपैकी एकीलाही फारसा पैसा लागत नाही.

पहिली, नोंद. प्रत्येक वॉर्डातल्या सामाईक जागांची यादी व्हावी : कोणता चौक, किती फूट, तेथे कोणते उत्सव, सभा, शाळा, तालीम चालते, कधीपासून. पुनर्विकासाचा नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी ही यादी भाडेकरूंच्या यादीशेजारी ठेवावी, आणि जसा खोलीवाल्याला बदली खोलीचा हक्क, तसा चौकालाही बदली चौकाचा हक्क असावा. रस्त्याच्या पातळीवर, फाटकाबाहेरच्यांनाही खुला, आणि जुन्याच नावाचा. यादी सरकार करील तेव्हा करो. चाळीच्या समितीला ती एका रविवारी करता येईल.

दुसरी, चित्र. जे पडणारच आहे ते पडण्यापूर्वी त्याचे मोजमाप, नकाशे, छायाचित्रे आणि तेथल्या वृद्धांच्या तोंडच्या आठवणी टिपून ठेवाव्या. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा शहराचा जुना भाग जर्मनांनी जमीनदोस्त केला. पोलिश लोकांनी तो पुन्हा उभारला तो जुन्या चित्रांच्या आणि युद्धापूर्वी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या मोजणी-नकाशांच्या आधाराने. आपल्यावर तसा प्रसंग आलेला नाही. आपण स्वखुशीने पाडतो आहो. मग निदान पेन्सिल घेऊन आधी मोजून ठेवण्यास हरकत ती काय? काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या आवारात महापालिकेने वस्त्रसंग्रहालय हाती घेतले आहे. तेथे यंत्रे जशी ठेवावयाची, तशाच ती चालवणाऱ्यांच्या आठवणीही ठेवल्या पाहिजेत. आणि त्या आठवणी सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत, हे ध्यानात घ्यावे.

तिसरी, वापर. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड, कारण ती आपल्या हातची आहे. जेथे व्याख्यान, वाचन, कीर्तन, बालनाट्य, बुद्धिबळ असे काही चालत नाही ती जागा रिकामी म्हणून गणली जाते, आणि मुंबईत रिकाम्या जागेचे आयुष्य किती असते ते आपणांस सांगावयास नको. चौकात आठवड्याला दहा माणसे जरी जमली तरी त्या चौकाला साक्षीदार मिळतात. उद्या कोणी विचारले की या जागेचा येथे हक्क कोणाचा, तर उत्तर देणारे दहाजण उभे राहतील.

लालबागच्या त्या कोळ्यांपाशी आणि दुकानदारांपाशी १९३२ मध्ये ना कायदा होता, ना समिती, ना वारसायादी. त्यांनी आपल्याला काय हवे ते मात्र स्पष्ट ठरवले होते, आणि ते मिळेपर्यंत ते पांगले नाहीत. सामाईक जागेचा वारस कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी देऊन ठेवले आहे. जो तिच्यावर हक्क सांगतो आणि तेथे रोज येऊन बसतो, तो.

आज आपण येथे येऊन बसला आहात. उद्याच्या व्याख्यानालाही यावे, आणि येताना शेजाऱ्याला बरोबर आणावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.